पक्षाघातात वेळ नेमका कुठे जातो? या चुका टाळा

छातीत कळ आली की सगळं घर खडबडून उठतं. अंगावरून वारं गेलं तर मात्र "जरा पडा, बरं वाटेल" असं म्हटलं जातं, कारण बहुतेक वेळा काही दुखत नसतं. पक्षाघाताच्या 100 रुग्णांपैकी साधारण 80 ते 85 जणांच्या मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने तुंबलेली असते. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि त्यातही जितकं लवकर तितका फायदा जास्त.

पहिली चूक ओळखण्यातली. "माझा हात दाब बघू" असं सांगून ताकद तपासली, तर थोडा अशक्तपणा सहज निसटतो. त्यापेक्षा डोळे मिटून, तळवे वर करून, दोन्ही हात समोर 10 सेकंद धरायला सांगा. एक हात हळूहळू खाली यायला लागला, तळवा आत वळला, तर तो हात कमजोर झालाय. दात दाखवायला सांगून तोंड वाकडं होतं का बघा. एखादं साधं वाक्य म्हणायला लावा. अचानक तोल जाणं, अर्ध्या बाजूचं दिसेनासं होणं किंवा कधी नव्हे इतकं डोकं ठणकणं याही खुणाच. तिन्ही-चारही जुळायची वाट पाहू नका, एक पुरे. लगेच 108 लावा.

मग घरगुती उपाय सुरू होतात. पाणी, चहा, गोळी, काहीही तोंडात घालू नका. गिळण्याचे स्नायू लुळे पडलेले असतील तर घोट श्वासनलिकेत जातो आणि पुढे न्यूमोनिया होतो. अ‍ॅस्पिरिनची गोळी हृदयविकारासाठी ऐकलेली असते, पण इथे रक्तवाहिनी तुंबली आहे की फुटली आहे हे सीटी स्कॅनशिवाय कोणालाच सांगता येत नाही. फुटली असेल तर त्याच गोळीने रक्तस्राव वाढू शकतो. मोबाइलवर फिरणारा, सुईने बोटं टोचून रक्त काढायचा सल्ला निव्वळ भंपक आहे. तेलाचं मालिश आणि कबुतराचं रक्तही त्याच माळेतलं.

रक्तदाब 180-190 दिसला की जिभेखाली गोळी ठेवण्याचा मोह शेजारच्या डॉक्टरांनाही होतो. तुंबलेल्या भागाच्या कडेचा मेंदू त्या वाढलेल्या दाबावरच तग धरून असतो. दाब एकदम पाडला की तोही जातो. इंजेक्शन द्यायचं असेल तर दाब 185/110 च्या खाली आणतात, पण तो हॉस्पिटलात, शिरेतून, मोजूनमापून. रुग्णाला मधुमेह असेल आणि घरात ग्लुकोमीटर असेल तर साखर मात्र जरूर मोजा. साखर फार उतरली तरी हुबेहूब अशीच लक्षणं दिसतात. आकडा 108 ला फोनवरच सांगा.

सगळ्यात महागात पडणारी चूक वेळ सांगण्यातली आहे. हॉस्पिटलात "कधी झालं?" विचारलं की घरचे "सकाळी सहाला" म्हणतात, म्हणजे त्यांनी पाहिलं तेव्हा. डॉक्टरांना हवी असते रुग्ण शेवटचा धडधाकट दिसला ती वेळ. समजा आजोबा साडेदहाला झोपले, सहाला तोंड वाकडं दिसलं आणि पावणेसातला हॉस्पिटल गाठलं. घड्याळ साडेदहापासून धरलं तर सव्वाआठ तास झाले, इंजेक्शनची साधी मुदत संपली. पण तीन वाजता ते लघवीला उठले होते, आजीशी नीट बोलले होते, हे कोणी सांगितलं तर पावणेचारच तास होतात. हातात पाऊण तास उरतो. म्हणून आजींना घरी ठेवून येऊ नका. निदान फोनवर घ्या. साडेचार तास उलटले तरी घरी थांबू नका. मोठी वाहिनी तुंबली असेल तर निवडक रुग्णांत 24 तासांपर्यंत तारेने गुठळी बाहेर काढता येते.

जवळचं हॉस्पिटल म्हणजे योग्य हॉस्पिटल, असंही नाही. निघतानाच फोन करून दोन प्रश्न विचारा: सीटी स्कॅन आत्ता चालू आहे का, आणि गुठळीचं इंजेक्शन तिथे देतात का? रविवारी रात्री याचं उत्तर वेगळं असू शकतं. सोबत सगळ्या गोळ्यांची पाकिटं घ्या. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर शेवटची कधी घेतली ते सांगा. वजनही माहीत असू द्या, कारण अल्टेप्लेजचा, म्हणजे गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा, डोस किलोमागे 0.9 मिलिग्रॅम असतो. 60 किलोच्या माणसाला 54 मिलिग्रॅम: दहावा हिस्सा मिनिटभरात, बाकीचं तासभर सलाइनसारखं.

पहिल्या काही तासांतला सीटी स्कॅन गुठळी असूनही स्वच्छ दिसू शकतो. "रिपोर्ट नॉर्मल आहे" म्हणून रुग्णाला घरी नेऊ नका. रक्तस्राव नाही, एवढंच त्यातून कळतं. सहीसाठी गावाहून थोरले काका येईपर्यंत थांबणं हीही नेहमीची गोष्ट. इंजेक्शनला धोका आहे: 1995 च्या अमेरिकेतल्या मूळ चाचणीत 100 पैकी साधारण 6 जणांना मेंदूत त्रासदायक रक्तस्राव झाला. तरीही तीन महिन्यांनी धडपणे वावरणारे रुग्ण इंजेक्शन मिळालेल्यांतच जास्त होते. काकांना फोन लावा आणि डॉक्टरांशी थेट बोलू द्या.

दहा मिनिटांत हात पुन्हा हलू लागला, तरी गाडी मागे वळवू नका. अशा छोट्या झटक्यानंतर मोठा येण्याचा धोका पहिल्या 48 तासांत सर्वांत जास्त असतो. मानेच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी, ईसीजी आणि औषधं त्याच दिवशी सुरू व्हायला हवीत.