कॉम्प्युटर सारखा हँग होतोय? फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

घरचा कॉम्प्युटर रखडायला लागला की सोसायटीतला जाणकार असो की घरी बोलावलेला मेकॅनिक, पहिला सल्ला ठरलेला: फॉरमॅट मारून टाका. त्यानं काही दिवस बरं वाटतं. पण दोष हार्ड डिस्कमध्ये, रॅममध्ये (चालू कामाच्या तात्पुरत्या मेमरीत) किंवा धुळीनं बुजलेल्या पंख्यात असेल, तर तेच रडगाणं पुन्हा सुरू होतं आणि फोटो मात्र गेलेले असतात. दोष कुठे आहे हे आधी ठरवा. सुरुवातीला त्यासाठी कॅबिनेट उघडायचीही गरज नाही.

पुढच्या वेळी हँग झाला की कॅप्स लॉक दाबून बघा. कीबोर्डवरचा दिवा लागत-विझत असेल तर विंडोज जिवंत आहे आणि कशाची तरी वाट बघत बसलंय, बहुतेक वेळा डिस्कची. दिवा हलत नाही, माउस जागेवर खिळलाय, चालू गाण्याचा एकच तुकडा घरघरतोय, असं असेल तर मशीन पूर्ण गोठलंय. तेव्हा संशय रॅम, उष्णता, एसएमपीएस (आतल्या भागांना वीज देणारा डबा) किंवा एखाद्या ड्रायव्हरवर (विंडोजकडून एखादा भाग चालवून घेणारा प्रोग्रॅम). काम करता करता थेट बंदच पडत असेल तर आधी उष्णता आणि एसएमपीएस बघायचे.

आणखी एक साधी गोष्ट. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असतं, त्यामुळे ‘शट डाउन’ केलं तरी आतली यंत्रणा पूर्ण नव्यानं सुरू होत नाही. रोज रात्री बंद करणाऱ्यांच्या मशीनवरही टास्क मॅनेजर या विंडोजमधल्याच प्रोग्रॅमच्या सीपीयू (प्रोसेसर) पानावर ‘अप टाइम’, म्हणजे सलग चालू असल्याचा काळ, वीस-वीस दिवसांचा दिसतो. खरी नवी सुरुवात ‘रीस्टार्ट’नं होते. एकदा तेवढं करून बघा.

आता कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. रखडत असतानाच उघडा, नंतर नाही. ‘परफॉर्मन्स’मध्ये सीपीयू, मेमरी आणि डिस्क यांपैकी कोण शंभर टक्क्यांना टेकलंय ते दिसेल. जुन्या मशीनवर बहुधा डिस्कच असते. तिथेच ‘अ‍ॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम’ वाचा. फिरणाऱ्या हार्ड डिस्कला दहा-वीस मिलिसेकंद ठीक. पण डिस्क शंभर टक्के, वेग सेकंदाला जेमतेम एक-दोन एमबी आणि हा आकडा सतत पाचशे-हजारच्या पुढे असेल, तर डिस्क कामाखाली दबलीय किंवा शेवटच्या घटका मोजतेय.

दोन्हींतलं काय खरं, हे क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकट प्रोग्रॅममध्ये कळतं. वरच्या रंगापेक्षा खालच्या ओळी महत्त्वाच्या. ०५ म्हणजे डिस्कनं मोडीत काढून बदललेले सेक्टर (डिस्कवरचे माहिती साठवायचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे लटकलेले, सी६ म्हणजे दुरुस्त न होणारे. या तिन्हींच्या ‘रॉ व्हॅल्यू’ शून्य हव्यात. सी५ वाढत चालला असेल तर विंडोज तोच सेक्टर पुन:पुन्हा वाचायचा प्रयत्न करतं आणि तेवढा वेळ सगळं थांबतं. ‘कर्रर्र’ आवाज येऊन दहा-पंधरा सेकंद हँग होण्याचं कारण बहुधा हेच. सी७ एकटाच वाढत असेल तर डिस्क नव्हे, तिला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल बदला. स्वस्तात सुटाल.

सी५, सी६ शून्य नसतील तर आधी बॅकअप, आणि तो दुसऱ्या डिस्कवर. पुष्कळ घरांत ‘बॅकअप घेतलाय’ म्हणजे सी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हवर कॉपी केलेलं असतं. हे दोन्ही बहुधा एकाच डिस्कचे वाटे. डिस्क गेली की दोन्ही गेले. बॅकअप होण्याआधी विंडोजमधलं ‘चेकडिस्क’ हे डिस्क तपासायचं साधन मुळीच चालवू नका. त्याची खोल तपासणी पूर्ण डिस्क तासन् तास वाचत राहते आणि मरायला टेकलेली डिस्क त्यातच जाते.

डिस्क धडधाकट आहे पण जुनी, फिरणारी आहे? तरी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली चिपची डिस्क, बसवाच. फिरणारी डिस्क विखुरलेल्या लहान फाइली सेकंदाला शंभर-दीडशे वेळा वाचू शकते, साधी साटा एसएसडी हजारो वेळा. विंडोज आणि रोजच्या प्रोग्रॅमना २५६ जीबी पुरते, जुनी डिस्क फोटोंसाठी आत राहू द्या. आमच्या मते जुन्या मशीनवर पैसे घालायचे तर पहिले इथेच, रॅमवर नंतर.

अर्थात मशीनमध्ये चारच जीबी रॅम असेल तर तीही वाढवायला हवी. क्रोममध्ये दहा टॅब उघडले की ती संपते आणि उरलेला भार डिस्कवर पडतो. आठ जीबी हा घरगुती कामाचा किमान आकडा धरा. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या प्रकारांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. म्हणून मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाताना जुनी पट्टी सोबत न्या. पाकिटावरचा सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर तिथेच तपासा आणि जीएसटीचं बिल घ्या. बिलाशिवाय मिळणारी ‘स्वस्तातली’ एसएसडी वॉरंटीच्या वेळी महाग पडते.

मशीन पूर्ण गोठत असेल तर कॅबिनेट उघडावी लागेल. मुंबईत यामागे बहुधा दोन गोष्टी असतात: धूळ आणि दमट खारी हवा. वन बीएचकेत कॉम्प्युटर टेबलाच्या बंद कप्प्यात, भिंतीला चिकटून आणि स्वयंपाकघराच्या दारालगत असतो. फोडणीचा तेलकट धूर पंख्यात ओढला जातो, त्यावर धूळ बसून चिकट थर होतो आणि तो नुसत्या ब्लोअरनं निघत नाही. एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये प्रोसेसरचं तापमान बघा. मे महिन्यातल्या खोलीत काहीच काम चालू नसलेलं मशीन ४५-५० अंशांवर असलं तर चालेल. काम सुरू होताच ९५-१०० वर जात असेल तर प्रोसेसर जीव वाचवायला स्वतःचा वेग उतरवतो आणि तुम्हाला ते ‘स्लो’ वाटतं.

प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून उरलेली वीज निघू द्या. पंख्याचं पातं बोटानं धरून मगच ब्लोअर मारा, नाहीतर तो भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं. खरा ऐवज पंख्याच्या खाली, हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांवर साचलेला असतो. पंखा सोडवला की धुळीची अख्खी गादी निघते. चिकट भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशनं पुसा. हीटसिंक काढलाच तर त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली जुनी, वाळलेली थर्मल पेस्ट पूर्ण पुसून मसुराच्या दाण्याएवढी नवी लावा. इंटेलच्या डब्यातल्या कूलरच्या चारही पिना ‘टक्’ वाजून बसायला हव्यात, एक सैल राहिली तरी तापमान चढतं. एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या मशीनवर कूलर सरळ ओढू नका. मशीन थोडं तापवून, बंद करून, हळूच पिळत काढा, नाहीतर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.

पावसाळ्यात रॅमच्या सोनेरी टोकांवर काळपट थर येतो. पट्टी काढून टोकं खोडरबरानं हलकी घासा, चुरा झटका, परत घट्ट दाबून बसवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून दिवसभर वापरा. शंका उरली तर रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ हा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवा. एकही चूक दिसली तरी पट्टी बाद.

एसएमपीएसची १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ च्या दरम्यान हवी. मल्टिमीटर नसेल तर दुकानात तपासून घ्या, एसएमपीएसचा डबा घरी उघडू नका. बंद असतानाही आतले वीज साठवणारे कपॅसिटर झटका देतात. मदरबोर्डवर फुगलेल्या डोक्याचे कपॅसिटर दिसले तर जुन्या बोर्डावर खर्च करू नका.

इथवर सगळं ठीक निघालं तरच सॉफ्टवेअरकडे वळा. दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढा. स्टार्टअपमधले अनावश्यक प्रोग्रॅम बंद करा, सी ड्राइव्हवर पंधरा-वीस टक्के जागा मोकळी ठेवा. सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज मोजक्याच ड्रायव्हरांवर सुरू केल्यावर, मशीन सुरळीत चालत असेल तर दोष ड्रायव्हरचा किंवा एखाद्या प्रोग्रॅमचा, आणि अलीकडे काय टाकलं ते आठवून काढून टाकायचं. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, म्हणून फॉरमॅट करायचंच ठरलं तर त्याच खेपेला विंडोज ११ चालेल का हे बघा.

आणि फॉरमॅटआधी हे लक्षात ठेवा: डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डरं सी ड्राइव्हवरच असतात. मराठी टायपिंग श्रीलिपीत होत असेल तर तिचे फॉन्ट आणि लायसन्स आधी बाजूला काढा. ते फॉन्ट नसतील तर जुन्या लग्नपत्रिका आणि सोसायटीच्या नोटिसा उघडतील खऱ्या, पण रोमन अक्षरांची खिचडी होऊन.