जर्मनीतील निवास परवान्याची मुदत संपत येते तेव्हा : गोमंतकीय विद्यार्थ्यांसाठी

जर्मनीत उच्च शिक्षणासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या पासपोर्टवर मुंबईच्या महावाणिज्य दूतावासाकडून जो व्हिसा लागतो, तो बहुधा सुरुवातीच्या काही महिन्यांपुरताच असतो, ही गोष्ट गोव्यातून निघताना पुष्कळांच्या ध्यानात नसते. तेथे पोहोचल्यावर आपण ज्या शहरात राहतो तेथील परकीय नागरिक कार्यालयात, म्हणजे सगळे ज्याला आउसलेंडरबेहोर्डे म्हणतात तेथे, अर्ज करून निवास परवाना घ्यावा लागतो आणि तो साधारणपणे एक ते दोन वर्षांसाठी मिळतो. पदव्युत्तर अभ्यासक्रम कागदावर चार सत्रांचा असला, तरी इंटर्नशिप आणि प्रबंध धरून तो पाच-सहा सत्रांपर्यंत सहज लांबतो. त्यामुळे मुदतवाढीचा प्रसंग बहुतेकांवर एकदा तरी येतोच. फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन मी तेथे शिकायला गेलो आणि या सगळ्यातून गेलो. आता फोंड्याला परतल्यावर ओळखीपाळखीची मुले हाच प्रश्न घेऊन येतात, म्हणून जे मला ठाऊक आहे ते येथे मांडतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करावी. महत्त्व असते ते अर्ज केव्हा केला याला, परवाना हातात केव्हा पडला याला नव्हे. जर्मन निवास कायद्याच्या कलम 81 च्या चौथ्या पोटकलमानुसार, जुना परवाना चालू असतानाच मुदतवाढीचा अर्ज केला, तर कार्यालयाचा निर्णय होईपर्यंत तो परवाना चालू असल्याचे मानले जाते. शिकणे, राहणे आणि परवान्यात जेवढी मुभा असेल तेवढे काम करणे, सारे पूर्वीसारखेच सुरू राहते. पहिल्या राष्ट्रीय व्हिसालाही हाच नियम लागू आहे. मात्र मुदत उलटल्यानंतर अर्ज केला, तर हे संरक्षण आपोआप मिळत नाही. फार मोठी अडचण होत असेल तर कार्यालय ते देऊ शकते, पण तेव्हा गोष्ट अधिकाऱ्याच्या मर्जीवर गेलेली असते. आपल्या हक्काची गोष्ट मर्जीवर सोडण्याची वेळ येऊ देऊ नये.

प्रत्यक्षात अडते ते भेटीच्या वेळेपाशी. मोठ्या शहरांत अपॉइंटमेंट काही महिने मिळत नाही आणि मिळते ती अनेकदा परवाना संपल्यानंतरची. माझ्या वेळीही तसेच झाले. अशा वेळी घाबरून जाण्याचे कारण नसते, कारण अर्ज आणि भेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुष्कळ शहरांत आता अर्ज ऑनलाइन करता येतो. तशी सोय नसेल, तर भरलेला फॉर्म आणि कागदपत्रांच्या प्रती रजिस्टर्ड टपालाने पाठवाव्यात आणि पोच सांभाळून ठेवावी. मी ऑनलाइन अर्जाची पावती लगेच छापून घेतली, त्याच दिवशी एक पत्रही टपालाने पाठवले, आणि पुढे कार्यालयाने माझा अर्ज कधी मिळाला असे विचारले तेव्हा त्या पावतीवरच्या तारखेने प्रश्न मिटला. मुदत संपण्याच्या निदान दोन-तीन महिने आधी हे काम हाती घ्यावे, असे माझे मत आहे. घर बदलून दुसऱ्या शहरात जायचे असेल, तर त्याहूनही आधी, कारण तुमची फाइल एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जाण्यातच बरेच आठवडे निघून जातात.

अर्ज केल्यावर निर्णयाला उशीर लागणार असेल, तर कार्यालयाकडून फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग नावाचा एक घडीचा कागद, म्हणजे निर्णय होईपर्यंत तुमची स्थिती काय आहे हे सांगणारा दाखला, मागून घ्यावा. त्याचे शुल्क 13 युरो आहे. हा कागद हातात आल्यावर तो तेथेच, खिडकीपाशी उभे राहूनच उघडून पाहावा. आत तीन चौकटी असतात आणि त्यांपैकी कोणत्या चौकटीत खूण केली आहे यावर बरेच काही अवलंबून असते. परवाना चालू असल्याचे मानले जाते, असे सांगणाऱ्या चौकटीत, म्हणजे कलम 81 च्या चौथ्या पोटकलमाच्या चौकटीत खूण असेल, तर तो कागद, जुन्या परवान्याचे कार्ड आणि पासपोर्ट घेऊन जर्मनीबाहेर जाता येते आणि परतही येता येते. खूण तिसऱ्या पोटकलमाच्या चौकटीत असेल, तर जर्मनीत राहता येते, पण एकदा बाहेर पडल्यास त्या कागदावर परत येता येत नाही. आपल्याला वेळेवर केलेल्या अर्जावर चौथे पोटकलम मिळायला हवे आणि खूण चुकीच्या जागी पडली असेल, तर शांतपणे पण तिथल्या तिथे विचारावे. नंतर ती दुरुस्त करून घ्यायला पुन्हा अपॉइंटमेंट मिळवावी लागते.

आपल्याकडच्या मुलांच्या बाबतीत हा मुद्दा नेमका चवथीच्या दिवसांत उभा राहतो. हिवाळी सत्र बहुधा 1 ऑक्टोबरला सुरू होते, म्हणून कित्येकांचे परवाने सप्टेंबर-ऑक्टोबरच्या आसपास संपतात, आणि त्याच सुमाराला घरी माटोळी बांधायची असते, आईचा रोज फोन येत असतो, भाऊबंद जमणार असतात. घरची ओढ मला चांगली ठाऊक आहे, आणि तरीही सांगतो की नवे कार्ड किंवा चौथ्या पोटकलमाची खूण असलेला कागद हातात असल्याशिवाय तिकीट काढू नये. केवळ अर्जाची पावती घेऊन गोव्याला आलात आणि दरम्यान कार्डाची मुदत संपली, तर परतीच्या विमानात बसू देणार नाहीत आणि मग मुंबईत नव्याने व्हिसा काढण्यापर्यंत वेळ येते. कागद असला, तरी परतताना पॅरिस किंवा ॲमस्टरडॅममार्गे जाण्यापेक्षा मुंबई, दिल्ली किंवा आखातातून थेट जर्मनीच्या विमानतळावर उतरणे मी पसंत करतो. इतर देशांच्या अधिकाऱ्यांना आणि विमान कंपन्यांच्या काउंटरवरच्या मंडळींना तो घडीचा कागद ओळखीचा असेलच असे नाही, आणि पहाटेच्या वेळी विमानतळावर कायदा समजावून सांगणे त्रासाचे होते.

कागदपत्रांत सर्वांत जास्त विचार करावा लागतो तो पैशांच्या पुराव्याचा. 2024 च्या सप्टेंबरपासून व्हिसासाठी महिन्याला 992 युरो, म्हणजे वर्षाला 11,904 युरो, हा हिशेब धरला जातो आणि मुदतवाढीच्या वेळीही तो लक्षात ठेवावा. पुन्हा बंद खाते, म्हणजे ज्यातून दर महिन्याला ठराविक रक्कमच काढता येते असे बँक खाते, उघडणे हा एकच मार्ग नाही. विद्यार्थी म्हणून नियमित नोकरी करत असाल, तर पगाराच्या पावत्या आणि कामाचा करार दाखवता येतो, शिष्यवृत्तीचे पत्र चालते आणि जर्मनीत राहणाऱ्या कोणी अधिकृत हमीपत्र दिले तर तेही चालते. गोव्यातून वडील दर महिन्याला पैसे पाठवत असतील, तर ते ठराविक तारखेला आणि तुमच्या खात्यात थेट यावेत. एकदम मोठी रक्कम येऊन पुढे काहीच न येणे कार्यालयाला पटवून देणे कठीण जाते.

दुसरा कागद म्हणजे विद्यापीठाचे पत्र, ज्यात अभ्यासक्रम केव्हा पूर्ण होईल याचा अंदाज दिलेला असतो. परवाना शिक्षणासाठी आहे, म्हणून शिक्षण पुढे सरकते आहे की नाही हे कार्यालय पाहते. विषय राहिले असतील, तर ते लपवण्यापेक्षा प्राध्यापकांकडून उरलेल्या विषयांचे आणि प्रबंधाचे वेळापत्रक लिहून घ्यावे. आजारपणामुळे सत्र वाया गेले असेल, तर डॉक्टरांचा दाखला जोडावा. नव्या सत्राच्या नोंदणीचा दाखला आणि आरोग्य विमा चालू असल्याचे पत्र हे तर लागतेच. मुदतवाढीचे शुल्क 93 युरो आहे.

पासपोर्टकडे मात्र फार उशिरा लक्ष जाते. निवास परवाना पासपोर्टच्या मुदतीपलीकडे दिला जात नाही. पासपोर्ट सहा महिन्यांत संपणार असेल, तर दोन वर्षांऐवजी तेवढ्याच महिन्यांचे कार्ड मिळते आणि पुन्हा सारी धावपळ करावी लागते. कॉलेजात असताना काढलेला दहा वर्षांचा पासपोर्ट, काही वर्षे नोकरी करून मग बाहेर गेलेल्यांच्या बाबतीत बरोबर शिक्षणाच्या मध्यात संपतो. जर्मनीत नूतनीकरण बर्लिनच्या भारतीय दूतावासात किंवा फ्रँकफर्ट, हॅम्बर्ग आणि म्युनिक येथील वाणिज्य दूतावासांच्या कक्षेत होते, आणि पोलीस पडताळणी गोव्यातील पत्त्यावर होऊ शकते, म्हणून घरच्यांना आधीच कल्पना द्यावी. शक्य असेल तर गोव्यातून निघण्यापूर्वीच पासपोर्टची तारीख पाहून घ्यावी.

गोव्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. आपल्यापैकी कित्येकांच्या वर्गमित्रांकडे पोर्तुगीज नागरिकत्व आहे आणि ते जर्मनीत शिकतात वा काम करतात. युरोपीय संघाचे नागरिक म्हणून त्यांना निवास परवाना लागतच नाही. गावच्याच मित्राने प्रेमाने, खात्रीपूर्वक दिलेला सल्लाही म्हणून भारतीय पासपोर्टधारकाने तसाच्या तसा स्वीकारू नये. त्याऐवजी विद्यापीठाचे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय आणि विद्यार्थी संघटनांचा कायदेविषयक सल्ला, जो बहुतेक ठिकाणी विनामूल्य असतो, यांचा उपयोग करावा. मुदत प्रत्यक्ष संपून गेली असेल, तर एकही दिवस न घालवता तेथेच जावे आणि कार्यालयाला त्यांच्यामार्फत लिहावे.

शेवटची परीक्षा झाली की नोकरी शोधण्यासाठी 18 महिन्यांपर्यंतचा वेगळा परवाना मिळतो आणि त्या काळात कोणतेही काम करता येते. त्याचा अर्जही विद्यार्थी परवाना चालू असतानाच करावा. पदवी प्रमाणपत्र छापून येण्यास वेळ लागतो, म्हणून त्याची वाट पाहत बसू नये. परीक्षा विभागाकडून सर्व विषय उत्तीर्ण झाल्याचे तात्पुरते पत्र घेऊन अर्ज दाखल करावा आणि प्रमाणपत्र मागाहून जोडावे.