उरणला ट्रेलर चालवायला आलात? रिव्हर्स आधी पक्का करा

मराठवाड्यातून, साताऱ्याकडून किंवा खाली सिंधुदुर्गातून उरणला येणाऱ्या पोरांना गावी एवढंच सांगितलेलं असतं की हेवी लायसन्स काढ, न्हावा शेवा बंदरावर गाडी मिळते. लायसन्स लागतंच. पण नोकरी ठरते ती यार्डातल्या ट्रायलवर. ट्रायल घेणारा तुम्हाला जरासं पुढे चालवायला लावतो आणि मग दोन डब्यांमधली, म्हणजे कंटेनरमधली, जागा दाखवून म्हणतो, "तिथे लाव." बहुतेक नवी मुलं तिथेच अडकतात. बाहेरून येऊन इथे स्थिरावलेले आम्ही जुने लोक हे सांगतोय ते त्या जागेसाठी.

कागदांचं थोडक्यात. वय २० पूर्ण हवं, हलक्या वाहनाचं लायसन्स किमान एक वर्षाचं हवं. डॉक्टरांचा फॉर्म १-अ आणि ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५ लागतो, अर्ज सारथी या सरकारी पोर्टलवर होतो. शिकाऊ लायसन्स मिळाल्यावर ३० दिवसांनी पक्क्याची चाचणी देता येते. नापास झालात तर ७ दिवसांनी पुन्हा. पण तीनदा नापास झाल्यावर मात्र ६० दिवस थांबावं लागतं, म्हणून अर्धवट तयारीने जाऊ नका. या बाजूचं आरटीओ पनवेलला, एमएच-४६.

चाचणीला बहुधा स्कूलचा साधा ट्रक असतो. त्याच्यावर पास झालात म्हणजे ट्रेलर मागे घेता येतो असं समजू नका. साध्या ट्रकला रिव्हर्समध्ये स्टेअरिंग उजवीकडे कापलं की मागचं टोक उजवीकडे जातं. ट्रेलरला उलटं होतं. स्टेअरिंग उजवीकडे कापलं की घोड्याचं, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीचं, मागचं टोक उजवीकडे सरकतं, फिफ्थ व्हीलमधली (घोड्यावरची जोडणीची प्लेट) किंगपिन (ट्रेलरखालची जाड खुंटी) त्याच्याबरोबर जाते, आणि ट्रेलर आपल्या चाकांवर फिरून शेपूट डावीकडे काढतो. सुरुवातीला डोक्यात गोंधळ नको म्हणून स्टेअरिंग खालच्या बाजूने, घड्याळात सहा असतात तिथे धरा. शेपूट ज्या बाजूला न्यायचं, हात त्या बाजूला सरकवा.

पहिले काही दिवस फक्त सरळ रिव्हर्स. मालकाची परवानगी घेऊन रिकामं यार्ड गाठा, शेजारी शिकवणारा असू द्या आणि चुन्याने १२ फूट रुंद, १०० फूट लांब गल्ली आखा. डबा ८ फूट रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंना दोनेक फूट उरतात. करळ फाटा किंवा गव्हाण फाट्याच्या सर्व्हिस रोडवर सराव अजिबात नको. तिथे माणसं, दुचाक्या आणि उभ्या गाड्या सगळंच असतं.

रिव्हर्स गिअर टाकला की क्लच पूर्ण सोडा आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. गाडी आयडलवर जेवढी सरकेल तेवढीच सरकू द्या. हाफ क्लचवर खेळत बसलात तर प्लेट जळाल्याचा वास यार्डभर जातो, आणि ट्रायल घेणाऱ्याला तो सगळ्यात आधी येतो. उभ्या गाडीत स्टेअरिंग ओढू नका, टायर घासतात. चाक जरा फिरू द्या, मग कापा.

दोन्ही आरशांत ट्रेलरची कड आतल्या बाजूला, आरशाच्या साधारण पाव भागात दिसली पाहिजे. ट्रेलर ज्या आरशात जास्त दिसायला लागेल, शेपूट त्या बाजूला चाललंय. स्टेअरिंगही त्याच बाजूला, पाव फेरा, बस. ट्रेलर लगेच ऐकत नाही, मीटर-दीड मीटर मागे गेल्यावर ऐकतो. नवीन माणूस तेवढा धीर धरत नाही, आणखी कापतो, आणि शेपूट दुसऱ्या बाजूला निघून जातं. सापासारखी वळणं पडतात ती यामुळे. शेपूट सरळ व्हायला लागलं की पूर्ण सरळ होण्याआधीच स्टेअरिंग परत आणा. २० फुटी ट्रेलर लवकर वळतो आणि लवकर बिघडतो. ४० फुटी सावकाश चालतो, म्हणून शिकायला तोच बरा.

आता गोदामाच्या तोंडाशी काटकोनात लावणं. खोपटे-दिघोडे पट्ट्यातल्या यार्डांत रोज हेच करावं लागतं. आपण उजव्या बाजूला बसतो, म्हणून जमेल तेव्हा जागा उजव्या हाताला घ्या. जागा उजवीकडे ठेवून पुढे जा, ट्रेलर तिच्यापासून पाच-सहा फूट लांब राहू द्या. शेपूट जागेच्या पुढे गेलं की घोडा डावीकडे काढा, पूर्ण गाडी साधारण ४५ अंशांत तिरकी करा, स्टेअरिंग सरळ करून थांबा. इथे उतरा आणि मागे जाऊन बघा. तारा, खांब, खड्डा, झोपलेला कुत्रा, काहीही असू शकतं. मग मागे घेताना स्टेअरिंग थोडं डावीकडे, शेपूट उजवीकडे वळेल. नजर ट्रेलरच्या उजव्या मागच्या कोपऱ्यावर ठेवा, तो जागेच्या उजव्या रेषेपासून फूट-दीड फूट आत आला पाहिजे. ट्रेलरची चाकं तोंडाशी आली की स्टेअरिंग उजवीकडे फिरवायला लागा, म्हणजे घोडा ट्रेलरच्या मागोमाग येऊन सरळ होतो. हे फिरवणं बहुतेकांचं उशिरा होतं.

उशीर झाला की घोडा ट्रेलरवर मिटत जातो. कोन एका हद्दीपलीकडे गेला की स्टेअरिंग कितीही उलटं कापा, तो कमी होत नाही. तसंच रेटलं तर डब्याचा कोपरा केबिनच्या पाठीला लागतो, हवेचे पाइप आणि लाइटची केबल ताणून तुटते. उपाय एकच, थांबून पुढे घ्यायचं. पुढे घेत गेलं की ट्रेलर आपोआप रांगेत येत जातो. पुढे घेतलं म्हणून कोणी नापास करत नाही, डबा ठोकला तर करतात.

डावीकडे लावायची वेळ आली तर जास्त वेळा उतरा. ट्रेलर डावीकडे वळला की डाव्या आरशात डब्याची नुसती बाजू दिसते, आणि डावा मागचा कोपरा केबिनमधून नीट कळत नाही.

जून ते सप्टेंबर इथला पाऊस वेगळाच. यार्डात लाल चिखल होतो, आणि रिकाम्या ट्रेलरला घोड्याच्या मागच्या चाकांवर वजन कमी असल्याने ती जागेवर फिरतात. चिखलात मोठा कट मारू नका, कोरड्या पट्ट्यावरच गाडी सरळ करून घ्या. आरसे पुसायला कोरडं फडकं हाताशी ठेवा. खाऱ्या हवेने ट्विस्ट लॉक (डबा ट्रेलरला पकडून ठेवणारी कुलपं) गंजून अडकतात, ते निघण्याआधी हाताने फिरवून बघा. ट्रेलर जोडल्यावर फिफ्थ व्हीलचं हँडल आत बसलंय का, प्लेट आणि ट्रेलरमध्ये फट नाही ना, ट्रेलरचे टेकूचे पाय पूर्ण वर गेलेत ना, हे वाकून बघायचं. मग ट्रेलरचा ब्रेक धरून पुढच्या गिअरमध्ये हलका हिसका द्यायचा.

क्लीनर सोबत असेल तर खुणा आधी ठरवा. त्याने उजव्या बाजूला, आरशात दिसेल असं उभं राहायचं. ट्रेलर आणि भिंत यांच्या मधे तर कधीच नाही. गोंगाटात "येऊ दे, येऊ दे" ऐकू येत नाही, म्हणून हात वर केला की थांबायचं. आणि तो आरशातून दिसेनासा झाला, तर त्याने काही म्हटलं नसलं तरी ब्रेक दाबायचा, हँडब्रेक ओढायचा आणि खाली उतरून त्याला शोधायचं.