महिनाभर लिस्बनला शिकायला जाताय? तयारी इथे गोव्यातच करा

लिस्बन विद्यापीठाच्या कला शाखेत उन्हाळ्यात परदेशी विद्यार्थ्यांसाठी पोर्तुगीज भाषेचे छोटे वर्ग असतात. कुईंब्रा विद्यापीठही जुलैत असा वर्ग घेतं. गोवा विद्यापीठात इतिहासाचं एम.ए. करताना मी लिस्बनच्या जुलैतल्या वर्गाला जाऊन आले. तेव्हापासून विद्यापीठाच्या ताळगाव पठारावर भेटणारी मुलं-मुली मला व्हिसाचं विचारतात, तिकिटाचं विचारतात. तेही खाली सांगते. पण महिन्याभरातून तुमच्या हाती काय लागणार, हे निघण्याआधीच्या पाच-सहा महिन्यांत ठरतं असं माझं ठाम मत आहे, म्हणून सुरुवात तिथून करते.

एकच प्रश्न घेऊन जा

महिना लहान असतो. सकाळी वर्ग, दुपारी गृहपाठ, शनिवार-रविवारी फिरणं, एवढ्यात तो संपतो. म्हणून निघण्यापूर्वी वहीच्या पहिल्या पानावर एक प्रश्न लिहा, ज्याचं उत्तर फक्त तिथेच शोधता येईल. मी डिचोलीची. डिचोली आणि सत्तरी हे महाल १७८१-८२ च्या सुमाराला सावंतवाडीच्या भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेले. त्या काळात इथल्या देसायांबद्दल गोव्याहून लिस्बनला काय कळवलं जात होतं, एवढंच मला पाहायचं होतं. तुम्ही वास्तुकलेचे असाल तर मद्र द देउश मठातलं अझुलेजु, म्हणजे रंगीत फरशांचं, संग्रहालय तुमची जागा. संगीतवाले फादू या तिथल्या गायनप्रकाराच्या मागे जातील. विषय कुठलाही चालेल, पण तो इतका नेमका हवा की तिथल्या शिक्षिकेला दोन वाक्यांत सांगता यावा. माझा प्रश्न ऐकल्यावर आमच्या शिक्षिकेने अभिलेखागारात कुठल्या कपाटातली सूची आधी मागायची, हे स्वतः लिहून दिलं.

प्रश्न ठरला की पणजीतच अर्धं काम होतं. पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयाची सुरुवात १८३२ ची. तिथल्या दुर्मीळ ग्रंथांच्या विभागात जुनी पोर्तुगीज पुस्तकं आणि वर्तमानपत्रं मिळतात. विद्यापीठाच्या ग्रंथालयात इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांचा संग्रह आहे. मराठे-पोर्तुगीज संबंधांवर काम करणाऱ्या कुणालाही पिसुर्लेकरांना वगळून पुढे जाता येत नाही, आणि ते मराठीतही लिहीत, हे आपलं भाग्य. पणजीच्या पुराभिलेख खात्यात तर १५९५ पासूनची परंपरा आहे. दियोगु दु कौतु हा तिथला पहिला अभिलेखपाल. गोवा आणि लिस्बन यांच्यातला पत्रव्यवहार ज्या ‘मोंसोंयश’च्या खंडांत बांधलेला आहे, त्यातले काही खंड लिस्बनला आहेत आणि बाकीचे पणजीतच. पणजीत जे आहे ते बघायला लिस्बनचे दिवस घालवू नका. कुठला खंड कुठे आहे त्याची यादी घरूनच करून न्या.

नावांची वेगळी यादी करा. जुन्या कागदांत सावंतवाडीकर भोसले ‘बौंसुलो’ होऊन येतात, शिवाजी ‘सेवाजी’ होतात. सूचीत शोधताना आपल्या उच्चाराने काहीही सापडत नाही. गाव, आडनाव, हुद्दा, प्रत्येकाचं पोर्तुगीज लेखन रोमी लिपीत जसंच्या तसं टिपून ठेवा.

भाषा

अगदी शून्यावरून गेलात तर महिनाभर तुम्ही नमस्कार आणि अंक शिकाल. निदान ए-टू पातळी (युरोपीय मोजमापात खालून दुसरी) इथे गाठून जा. विद्यापीठात शणै गोंयबाब भाषा विद्यालयात पोर्तुगीज विभाग आहे. पणजीत कामोंयश या पोर्तुगाल सरकारच्या संस्थेचं भाषा केंद्र आहे, फोंतेन्यासला फुंदासांव ओरियेंत ही पोर्तुगीज सांस्कृतिक संस्था आहे. या दोन्ही ठिकाणी शिष्यवृत्तीची चौकशी करून ठेवा. जाहिराती वर्षातून एकदाच येतात आणि मुदत लवकर संपते.

कानाची तयारी वेगळी करावी लागते. लिस्बनची माणसं स्वर गिळून बोलतात. पुस्तकातलं वाक्य आणि बेकरीतलं वाक्य एकच आहे, हे कळायलाच आठवडा जातो. तो आठवडा वाचवायचा असेल तर आरटीपी या पोर्तुगालच्या सार्वजनिक वाहिनीचा रेडिओ रोज लावा. डिचोली ते पणजी कदंबच्या बसमधला सगळा वेळ मी त्या बातम्या ऐकायची. पहिल्यांदा फक्त हवामान कळतं, मग हळूहळू फुटबॉल, आणि एक दिवस संसदेतली भांडणंसुद्धा.

कागदपत्रं

नव्वद दिवसांच्या आतल्या वर्गाला शेंगेन व्हिसा पुरतो. प्रौढांसाठी त्याचं शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. सेवा केंद्राचे पैसे वेगळे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावा लागतो. निर्णय साधारण पंधरा दिवसांत येतो, पण तो पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो. म्हणून जुलैच्या वर्गासाठी एप्रिलमध्येच अर्ज द्या. पोर्तुगालचं कॉन्सुलेट पणजीत आल्तिनो टेकडीवर आहे, अर्ज मात्र व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या पणजीतल्या केंद्रात वेळ घेऊन द्यायचा असतो.

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा, दहा वर्षांच्या आतला हवा, आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. विमा ३० हजार युरोंचा आणि राहण्याचा प्रत्येक दिवस धरून. त्याबरोबर वर्गाचं प्रवेशपत्र आणि शुल्क भरल्याची पावती, राहण्याच्या जागेचा पुरावा, विद्यापीठाचं बोनाफाइड आणि रजेला हरकत नसल्याचं पत्र, परतीचं बुकिंग. पैशांसाठी पोर्तुगालचं मोजमाप प्रवेशाला ७५ युरो आणि पुढे दिवसाला ४० युरो असं आहे; अर्जाच्या वेळी चालू आकडा तपासा. माझा खर्च बाबांनी केला. त्यांचं बाजारात किराण्याचं दुकान आहे, त्यामुळे बँकेचं स्टेटमेंट, आयकराचं विवरण, दुकानाचा परवाना आणि ‘मुलीचा खर्च मी करतो’ असं त्यांचं सहीचं पत्र, हे सगळं एकत्र लावलं. अर्जाच्या आधल्या आठवड्यात कुणाकडून तरी मोठी रक्कम घेऊन खात्यात टाकू नका, ती लगेच नजरेत भरते.

आपल्याकडे नावांचा घोळ फार. जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग, दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरं, पासपोर्टावर तिसरं. गावस, गावकर, नाईक, कामत ही आडनावं तीन-तीन तऱ्हांनी लिहिली जातात. सगळे कागद टेबलावर पसरून शेजारी शेजारी ठेवा आणि फरक असेल तर प्रतिज्ञापत्र आधीच करून घ्या.

आणि हो, पोर्तुगालला चालले म्हटल्यावर शेजारीपाजारी ‘पासपोर्टासाठी का गो?’ असं विचारणारच. १९६१ च्या, म्हणजे गोवा मुक्त होण्याच्या, आधी जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांनी तिथलं नागरिकत्व घेणं गोव्यात घरोघरी झालेलं आहे. त्यात वाईट काही नाही. पण तुमच्या अर्जातल्या प्रत्येक कागदाने एकच गोष्ट सांगायला हवी: मी शिकायला जाते आणि अमुक तारखेला परत येऊन परीक्षेला बसते.

क्रेडिटचंही जाण्याआधीच बघा. आपल्याकडे एका थिअरी क्रेडिटला पंधरा तास धरतात, तिकडच्या युरोपीय क्रेडिटमध्ये स्वतःचा अभ्यास मिळून पंचवीसच्या वर तास असतात. म्हणून दोन्ही आकडे सरळ एकमेकांत बसत नाहीत. वर्गाचा अभ्यासक्रम विभागप्रमुखांना दाखवा आणि काय मान्य होईल ते लेखी घ्या.

बॅगेत काय

आईला वाटतं सगळं द्यावं. पण बाहेरून युरोपीय संघात येताना दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणजे पेढे आणि तूप घरीच. २०१९ च्या डिसेंबरपासून ताज्या फळांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. मानकुराद आंबे न्यायचा विचार सोडा. केळी, नारळ, अननस यांना सूट आहे. सोलां (आमसुलं), मसाला, पोहे, लोणचं व्यवस्थित सीलबंद करून घ्या. तांदूळ नेऊ नका. तिथल्या सुपरमार्केटात ‘आरोश व्हापोरिझादु’ मिळतो, तो उकडा तांदूळच. आपल्या लाल उकड्याची चव त्याला नाही, पण हुमणाबरोबर, म्हणजे माशांच्या कालवणाबरोबर, चालतो. मार्तीं मोनीश भागात डाळी, हिरव्या मिरच्या, कोथिंबीर सगळं मिळतं. शाकाहारी असाल तर हिरव्या काल्दु व्हेर्द सुपात सॉसेजचा तुकडा असतो, हे आधी विचारा. आणि हॉटेलात न मागता आलेले पाव-ऑलिव्ह फुकट नसतात. नको असतील तर हात न लावता परत पाठवा.

बूट मात्र चांगले घ्या. लिस्बनच्या फुटपाथवरचे पांढरे चुनखडी दगड झिजून गुळगुळीत झालेत आणि रस्ते चढउतारांचे आहेत. रबरी पकडीचा तळवा हवाच. जुलैत इथे पाऊस कोसळत असतो, तिथे कोरडं ऊन. संध्याकाळी समुद्राकडून गार वारा सुटतो, म्हणून एक जाडसर जॅकेट.

फॉरेक्स कार्डाबरोबर थोडे रोख युरो ठेवा, कारण लहान कॅफेंत काही वेळा फक्त मल्टिबांको या तिथल्या बँकांच्या जाळ्याची कार्डं चालतात. यंत्राने ‘रुपयांत की युरोत’ विचारलं तर युरोच दाबा, रुपयांचा दर महाग पडतो. तातडीचा नंबर ११२.

तिथे गेल्यावर

गोव्याच्या मोपा किंवा दाबोळी विमानतळाहून थेट विमान नाही, मध्ये उतरून बदलावं लागतं. लिस्बनला विमानतळावरूनच लाल मेट्रो मिळते. सालदान्याला बदलून पिवळ्या मार्गाने सिदाद उनिव्हेर्सितारियाला उतरायचं. पहिल्या दिवशी पातळी ठरवणारी परीक्षा असते. ती कुणाच्या मदतीशिवाय द्या, म्हणजे तुमच्या लायक वर्ग मिळतो. वर्गात स्पेनची, इटलीची मुलं भराभर बोलतात, कारण त्यांची भाषा पोर्तुगीजच्या घरातलीच. त्याने खचू नका. दुसऱ्या आठवड्यात लेखन सुरू झालं की व्याकरण नीट शिकून गेलेली माणसं पुढे येतात.

दुकानात शिरताना आधी ‘बों दिया’, जेवणवेळेनंतर ‘बोआ तार्द’. वयस्क माणसाशी ‘व्होसे’ म्हणून बोलू नका, ते कित्येकांना खटकतं. ‘उ सेन्योर’, ‘आ सेन्योरा’ म्हणा. तुम्ही अडखळलात की समोरचा प्रेमाने इंग्रजीवर येतो. तेव्हा हसून ‘पोदेमुश फालार ऐं पुर्तुगेश?’ विचारायचं. बहुतेक जण आनंदाने परत वळतात.

गोव्याबद्दल तुम्हाला विचारलं जाईलच. अनेकांच्या मनातला गोवेकर म्हणजे पोर्तुगीज आडनावाचा, चर्चमध्ये जाणारा. घरी कोंकणी बोलणारी, मराठी वाचणारी, नव्या काबिजादीतली (पोर्तुगीजांनी नंतर घेतलेल्या तालुक्यांतली) मुलगी त्यांना नवीन असते. पाच-सहा वाक्यं पोर्तुगीजमध्ये पाठ करून न्या: आमच्या तालुक्याचा इतिहास वेगळा कसा, आमच्याकडे मोडीतले कागद कसे आहेत, १९६१ आमच्या घरात कसं आठवतात. मला या गप्पांतून वर्गापेक्षाही जास्त बोलता यायला लागलं, आणि आपली बाजू आपल्या तोंडून त्यांच्या भाषेत सांगता येणं मला फार मोलाचं वाटतं.

तोर्र दु तोंबु हे राष्ट्रीय अभिलेखागार विद्यापीठाच्याच आवारात, कला शाखेपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आताची इमारत १९९० ची. वर्ग संपला की जेवून थेट तिथे जाता येतं. वाचक म्हणून नोंदणीसाठी पासपोर्ट न्या. पिशवी लॉकरमध्ये, आत पेन्सिल आणि लॅपटॉप. आधी घरी बसून त्यांच्या दिजितार्क या ऑनलाइन सूचीत पाहा. पुष्कळ कागद स्कॅन केलेले आहेत. ते डिचोलीत बसून वाचता येतात, त्यांच्यासाठी तिथला वेळ देऊ नका. वसाहतींचा कारभार शोधणाऱ्यांनी जुंकैरा भागातलं आर्किव्हु इश्तोरिकु उल्त्रामारिनु हे वसाहतींच्या कागदांचं अभिलेखागारही धरावं. अठराव्या शतकातलं हस्ताक्षर पहिल्या दिवशी कळत नाही. शब्दांची संक्षिप्त रूपं आणि त्यांचे अर्थ एका कागदावर उतरवत जा. ओळखीचं एकेक नाव सापडत गेलं की बाकीची ओळ उलगडते. प्रत्येक फोटोच्या नावात संदर्भ क्रमांक आणि पान त्याच दिवशी घाला.

जेरोनिमुश मठ, वाश्कु द गामाची कबर, आल्कांताराचं प्राच्य संग्रहालय हे रविवारी होतं. मठाचं तिकीट आधी काढा, रांग मोठी असते.

घरी फोन करायला उन्हाळ्यात साडेचार तासांचा फरक धरा. तिथे दुपारचे चार म्हणजे इथे रात्रीचे साडेआठ. आजी जेवून बसलेली असते, तेव्हा करा.

परतल्यावर पहिल्या पंधरवड्यातच प्रमाणपत्र आणि तासांचा तपशील विभागात द्या, नाहीतर क्रेडिटचं काम पुढच्या सत्रावर जातं. तिकडच्या शिक्षिकेला पोर्तुगीजमध्ये एक मेल लिहा, जमलं तर प्रश्नासकट, कारण त्यांच्याकडून पुढेही मदत मिळते. मग तुमची खंडांची यादी काढा आणि लिस्बनला न सापडलेल्या क्रमांकांवर खूण करून पणजीच्या पुराभिलेख खात्यात मागणीचा अर्ज भरा.