सेंद्रिय स्ट्रॉबेरी तोडणीनंतर बुरशीपासून कशी जपावी

महाबळेश्वर, पाचगणी, वाई आणि जावळीच्या पट्ट्यात सेंद्रिय पद्धतीने स्ट्रॉबेरी घेणाऱ्या शेतकऱ्याला बुरशी प्रथम दिसते ती पनेटमध्ये, म्हणजे फळ विक्रीसाठी भरायच्या लहान डब्यात. प्रत्यक्षात मात्र ती बहुतेक वेळा शेतातूनच फळाबरोबर आलेली असते. फळांवर राखाडी लव आणणारी करडी बुरशी, म्हणजे बोट्रायटिस, फुलोऱ्यातच शिरकाव करते, हिरव्या फळात सुप्त राहते आणि फळ पिकून मऊ पडले, त्यातली साखर वाढली, की वर येते. तोडणीनंतर फळावर रासायनिक बुरशीनाशक वापरण्याची मुभा सेंद्रिय उत्पादकाला नाही, त्यामुळे त्याच्या हाती स्वच्छता, कोरडेपणा, थंडावा आणि वेळ एवढीच साधने उरतात. यांतल्या वेळेकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवात शेतातूनच करावी. वाफ्यावर अंथरलेल्या प्लॅस्टिकच्या मल्चिंग पेपरमुळे फळ मातीला टेकत नाही आणि ठिबकमुळे पाने-फुले कोरडी राहतात. तुषार सिंचन फुलोऱ्यात टाळावे. वाळलेली पाने, गळलेल्या पाकळ्या आणि सडकी फळे सरीत न टाकता शेताबाहेर नेऊन पुरावीत, कारण एका सडक्या फळावरचे बीजाणू वाऱ्याने आणि मजुरांच्या हातांनी साऱ्या वाफ्यात पसरतात. सडकी फळे वेचण्याचे काम वेगळ्या व्यक्तीकडे द्यावे. ते शक्य नसेल, तर निदान चांगल्या फळाला हात लावण्यापूर्वी हात धुऊन कोरडे करावेत.

तोडणीची वेळ ठरवणे डोंगरावर अवघड जाते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दहिवर इतके पडते की ओली फळे तोडली तर ओलावा थेट पनेटमध्ये जातो, आणि ऊन वर येईपर्यंत थांबले तर फळ तापते. दव सुकल्याबरोबर तोडणी सुरू करून ऊन चढण्याआधी ती संपवावी. त्यासाठी जास्त माणसे लावावी लागली तरी तो खर्च वाया जात नाही. पाऊस झाला असेल, तर तो माल दूरच्या बाजारात पाठवण्याऐवजी जॅम किंवा क्रशसाठी द्यावा.

फळ ओढून तोडू नये. नखाने देठ खुडावा आणि देठाचा छोटा तुकडा व हिरवी टोपी फळाला राहू द्यावी. खोल बादलीत भरले की खालच्या फळांची साल चेपते, आणि दुसरी मोठी शत्रू असलेली ऱ्हायझोपस बुरशी अशा जखमांतूनच आत शिरते. तिने धरलेले फळ रस गळू लागते आणि शेजारच्या फळांनाही ओले करते. म्हणून उथळ ट्रेमध्ये, शक्य असल्यास शेतातच थेट पनेटमध्ये भरावे, म्हणजे फळ एकदाच हाताळले जाईल. पुणे-मुंबईसाठी साधारण तीन-चतुर्थांश रंग आलेले, टणक फळ निवडावे. स्ट्रॉबेरी तोडल्यानंतर रंग धरते, पण तिची गोडी वाढत नाही. त्यामुळे त्याहून कच्चे तोडण्यात ग्राहकाचे नुकसान आहे.

यापुढचा पहिला तास निर्णायक ठरतो. भरलेले क्रेट लगेच सावलीत न्यावेत आणि तासाभरात थंड करायला घ्यावेत. नुसत्या शीतगृहात रचून ठेवलेल्या क्रेटमधले फळ आतपर्यंत थंड व्हायला बरेच तास लागतात. क्रेटच्या दोन रांगांमध्ये मोकळी जागा ठेवून ती वरून ताडपत्रीने झाकली आणि एका टोकाला पंखा लावून थंड हवा क्रेटच्या भोकांतून ओढली, तर हेच काम कितीतरी लवकर होते. फळाचे तापमान 0 ते 1 अंश सेल्सिअस आणि आर्द्रता 90 ते 95 टक्के असावी. 5 अंशांखाली ऱ्हायझोपस जवळजवळ थांबते; करडी बुरशी मात्र 0 अंशालाही संथपणे वाढत राहते, म्हणून शीतगृहातला मालही साधारण आठवड्यात विकला गेला पाहिजे. मोठ्या गटांना क्रेटभोवती प्लॅस्टिकचे आवरण घालून आत 10 ते 15 टक्के कार्बन डायऑक्साइड राखता येतो. त्याने करडी बुरशी आणखी दबते, पण प्रमाण फार वाढल्यास फळाला आंबूस वास येतो.

फळ धुऊन भरू नये. थंड माल उघड्या, उबदार हवेत एकदम काढल्यास त्यावर घाम धरतो आणि सारी मेहनत फुकट जाते, म्हणून गाडीत भरतानाही थंडाव्याची साखळी तुटू देऊ नये आणि पनेटचे आवरण फळ बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत काढू नये. घरी आणलेल्या फळांनाही हाच नियम लागू आहे: खाण्याआधीच धुवावीत, आणि तोवर कोरड्या कागदावर एका थरात फ्रीजमध्ये ठेवावीत.

प्रत्येक वाफ्याच्या मालातला एक पनेट घरातच, साध्या तापमानाला ठेवून रोज पाहावा. दोन दिवसांत राखाडी लव आली, तर त्या वाफ्यातला पुढचा माल जवळच्या बाजारातच द्यावा आणि तिथल्या फुलोऱ्यावर ट्रायकोडर्मा किंवा बॅसिलस सबटिलिस यांसारख्या, प्रमाणन संस्थेने मान्य केलेल्या जैविक औषधाची फवारणी वेळेवर होते आहे का, हे तपासावे.