आम्ल तीव्र की संहत? पेपरात आणि प्रयोगशाळेत या चुका टाळा

शिकवणीतल्या चाचणीचे पेपर तपासताना एक वाक्य हमखास भेटतं: ‘ज्यात पाणी कमी ते तीव्र आम्ल, पाणी घातलं की ते सौम्य होतं.’ मुलांना दोष देववत नाही. आंबट ताकात पाणी ओतलं की आपणच म्हणतो, आता जरा सौम्य झालं. घरातला ‘सौम्य’ आणि रसायनशास्त्रातला ‘सौम्य’ वेगळे आहेत, हे कुणी सांगितलेलंच नसतं. पाणी जास्त-कमी असण्यासाठी पुस्तकात ‘विरल’ आणि ‘संहत’ असे स्वतंत्र शब्द आहेत. ते तिथेच वापरा.

दोन प्रश्न वेगळे ठेवा. पाण्यात आम्ल किती घातलंय? हा संहतीचा प्रश्न. घातलेल्यापैकी किती रेणू फुटून हायड्रोजन आयन सोडतात? हा तीव्रतेचा. हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात गेलं की जवळपास सगळंच फुटतं. लिटरला ०.१ मोल (मोल म्हणजे रेणू मोजायचं माप) घेतलं तर सामू, म्हणजे pH, १ येतो. सामू जितका कमी तितके सुटे हायड्रोजन आयन जास्त. तेवढंच ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, घ्या, हजार रेणूंमागे जेमतेम १३ फुटतात आणि सामू २.९ च्या आसपास थांबतो. बाकीचे ९८७ तसेच अख्खे पोहत असतात. (हे फुटणं गळी उतरत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. स्वीडनच्या अरेनिअस या रसायनशास्त्रज्ञाने १८८४ मध्ये आपल्या प्रबंधात हे मांडलं तेव्हा परीक्षकांनी त्याला कसंबसं पास केलं. १९०३ मध्ये त्यालाच नोबेल मिळालं.)

आता त्या ॲसिटिक आम्लात पाणी घालून ते शंभरपट विरल करा. हजारातले १३ नव्हे, सुमारे १२५ रेणू फुटतात. म्हणजे पाणी घातल्याने फुटण्याचं प्रमाण वाढलं! तरी सामू ३.९ पर्यंत चढतो, कारण मुळात आम्लच थोडं उरलंय. हे एक उदाहरण वहीत स्वतः सोडवून बघा, अर्धा गोंधळ तिथेच मिटेल.

सामू बघून ‘हे तीव्र, ते सौम्य’ असा शिक्का मारणं ही याच चुकीची धाकटी बहीण. स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरचा सामू अडीचच्या जवळ असतो. खूप विरल केलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा तीन, चार, पाच काहीही असू शकतो. तरी सौम्य आहे ते व्हिनेगरच. संहती सारखी असेल तरच सामूवरून तुलना करा. आणि लिटरला १० चा उणे आठवा घात मोल एवढ्या विरल आम्लाचा सामू ८ लिहून मोकळं होऊ नका. पाणी घालून घालून आम्लाचं अल्क, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं द्रव्य, होत नाही. पाण्याचे स्वतःचे आयन धरले की उत्तर ६.९८ येतं.

आम्ल पुरतं संपवायला किती अल्क लागतं हे मोजायच्या प्रात्यक्षिकातली (टायट्रेशन) चूक मात्र वेळ आणि मार्क दोन्ही खाते. ‘सौम्य आम्लाला सोडियम हायड्रॉक्साइड (हे अल्क) कमी लागणार’ असं गृहीत धरून मुलं ब्युरेट, म्हणजे थेंबाथेंबाने अल्क सोडायची मापाची नळी, भरतात. २५ मिलिलीटर ॲसिटिक आम्ल असो की तेवढ्याच संहतीचं हायड्रोक्लोरिक, अल्क सारखंच लागतं. सुटे हायड्रोजन आयन खर्च झाले की अख्खे रेणू फुटून नवे देत राहतात, अगदी शेवटचा रेणू संपेपर्यंत.

मग एखादी मुलगी येऊन म्हणते, “सर, माझं रीडिंग आठच आलंय. आम्ल जुनं आहे का?” आम्ल ठीक असतं. तिने दर्शक (रंग बदलून आम्ल संपल्याची खूण देणारं द्रव्य) म्हणून मिथिल ऑरेंज टाकलेलं असतं. ते ३.१ ते ४.४ या सामूच्या दरम्यान रंग बदलतं, आणि अल्कामुळे ॲसिटिक आम्लाचं जेमतेम तीस टक्के उदासिनीकरण झालं, म्हणजे तेवढं आम्ल संपलं, की सामू ४.४ ला पोचतो. त्यामुळे अल्कही तेवढ्याच संहतीचं असेल तर २५ ऐवजी साडेसात-आठ मिलिलीटरलाच फ्लास्क पिवळा. ओळखायची खूण अशी: रंग एका थेंबात न पालटता लाल, नारिंगी, पिवळा असा रेंगाळत बदलला, तर दर्शक चुकलाय. इथे खरा अंतिम बिंदू ८.७ च्या आसपास असतो, म्हणून फिनॉल्फ्थॅलिन घ्या. फिकट गुलाबी दिसला की थांबा. गडद गुलाबी म्हणजे पुढे गेलात.

हायड्रोजन मोजून तीव्रता ठरवू नका. ॲसिटिकच्या रेणूत चार हायड्रोजन, पण सुटतो एकच. फॉस्फरिकमध्ये तीन असूनही ते सौम्य, हायड्रोक्लोरिकमध्ये एक असून तीव्र.

‘फ्लोरिन सर्वांत जास्त इलेक्ट्रॉन ओढतो, म्हणून हायड्रोफ्लोरिक आम्ल सर्वांत तीव्र’ हे तर्काला धरून वाटतं, आणि साफ चूक आहे. हायड्रोजन-फ्लोरिनचा बंध हायड्रोजन-आयोडिनच्या जवळजवळ दुप्पट मजबूत. तो सहजी तुटत नाही, म्हणून हायड्रोफ्लोरिक सौम्य आणि हायड्रोआयोडिक तीव्र. पण सौम्य म्हणून निर्धास्त राहू नका. हायड्रोफ्लोरिक आम्ल कातडीतून आत शिरतं, शरीरातलं कॅल्शियम पकडतं, आणि विरल असेल तर दुखायला कित्येक तासांनी लागतं. किती फुटतं यावरून किती भाजेल हे ठरत नाही.

अल्कांकडे याच्या उलट फसगत होते. चुना पाण्यात फारसा विरघळत नाही, लिटरला पावणेदोन ग्रॅमच्या आतच. म्हणून तो सौम्य अल्क, असं मुलं लिहितात. विरघळणं वेगळं, फुटणं वेगळं. जेवढा विरघळतो तेवढा जवळपास सगळा फुटतो, आणि चुन्याच्या निवळीचा सामू साडेबाराच्या घरात जातो. अमोनिया पाण्यात भरपूर विरघळतो, पण सौम्य अल्क तोच.

पानाच्या चुन्याची पुडी दाबून फोडताना पोराच्या डोळ्यात चुना उडाला, तर न विरघळलेला कण पापणीखाली अडकून हळूहळू विरघळत राहतो, म्हणजे डोळ्याला अल्क मिळतच राहतं. डोळा उघडा धरून स्वच्छ पाण्याची धार सोडायची, निदान अर्धा तास. आम्ल-अल्क उदासीन होतात म्हणून लिंबू पिळायचं नाही, तूप-दूधही नाही. तोवर कुणाला तरी रिक्षा आणायला पाठवायचं.