मुक्त सॉफ्टवेअरमध्ये हातभार लावायचाय? बग पडताळण्यापासून सुरुवात करा

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे ज्याचा कोड कुणालाही पाहता, बदलता आणि वाटता येतो असं सॉफ्टवेअर. कोडिंग येत नाही म्हणून मागे राहू नका. डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पाने २०१० साली मतदान घेऊन पॅकेज (सिस्टिमवर टाकण्यासाठी बांधून तयार केलेलं सॉफ्टवेअर) न बनवणाऱ्या योगदानकर्त्यांनाही प्रकल्पाचं सदस्यत्व खुलं केलं. भाषांतर, दस्तऐवज, डिझाइन, चाचणी, सगळीकडे माणसं हवीच असतात.

आधी प्रकल्प निवडा, तोही रोज वापरता त्यातलाच. प्रसिद्ध आहे म्हणून निवडलेल्या प्रकल्पात मन फार काळ रमत नाही.

पहिलं काम म्हणून मी बग पडताळणी सुचवेन, म्हणजे कुणी कळवलेला सॉफ्टवेअरमधला बिघाड (बग) खरंच होतो का ते तपासणं. लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस सॉफ्टवेअरच्या बगझिलामध्ये, म्हणजे बिघाडांच्या तक्रारी नोंदवायच्या संकेतस्थळावर, नवीन तक्रार 'अनकन्फर्म्ड' (अजून न पडताळलेली) म्हणून पडून असते. दुसऱ्या कुणीतरी तोच बिघाड स्वतःच्या मशीनवर घडवून दाखवला की ती पुढे सरकते. ते 'दुसरं कुणीतरी' तुम्ही व्हा. ताजी आवृत्ती टाका, तक्रारीतल्या पायऱ्या जशाच्या तशा करा आणि काय झालं ते आवृत्ती क्रमांक व ऑपरेटिंग सिस्टिमसह लिहा. बिघाड झाला नाही, तर तेही लिहा. त्या माहितीलाही तितकीच किंमत आहे. हे करता करता सॉफ्टवेअरचे कानेकोपरे कळतात, कोण काय सांभाळतं ते समजतं, आणि लोक तुम्हाला नावाने ओळखू लागतात.

कोड लिहायचाच असेल तर नवख्यांसाठी राखलेली कामं शोधा. लिब्रेऑफिसमध्ये त्यांना 'ईझी हॅक' म्हणतात.

उत्तर यायला आठवडा लागला तरी खट्टू होऊ नका, समोरचाही बहुधा नोकरी सांभाळूनच हे करतोय. नम्रपणे एकदा आठवण करून द्या. आणि घेतलेलं काम जमत नसेल तर तसं कळवून मोकळं करा, म्हणजे दुसऱ्याला ते घेता येईल.